उमेदवार पाहण्याचा कार्यक्रम

साधना बोचरे कोण, हे तुम्हाला माहीत नसेल तर बाळापूरच्या रस्त्यानं सावरपूरच्या स्टँडवर उतरा आणि पहिल्याच पानठेल्यावर विचारा. ठेलेवाला आधी पोटभर हसेल. मग म्हणेल, "खुशालरावले पाटावर बसवलं, थेच ना?" आणि पुढचा अर्धा तास तुमची सुटका नाही.

आता बाईचा मूळ स्वभाव असा उचापतीचा नाही हं! मन नदीच्या काठाला बापाचं, केशवरावांचं, जेमतेम अडीच एकराचं बागायत. मेथी, वांगी, सांभार म्हणजे आपली कोथिंबीर. बाप पिकवायचा आणि आई, कौशल्याबाई, बाजारात बसून विकायची. पोरगी हुशार निघाली, अमरावतीला जाऊन समाजकार्याची पदवी घेऊन आली. गावानं विचारलं, "समाजाचं काम करणं हे काय शिकाची गोष्ट हाये?" ती हसली आणि अकोल्याच्या एका संस्थेत कामाला लागली. बचत गट, आरोग्य शिबिरं, किशोरींचे मेळावे. बारा वर्षं कुणाच्या डोळ्यावर आली नाही. संस्थेचे प्रमुख वामनराव फार सज्जन माणूस, पण त्यांचा एक नेम होता. कार्यकर्त्यानं राजकारणाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. साधनालाही ते पटलेलं होतं. निवडणूक लागली की ती फलक गुंडाळून ठेवायची आणि निकाल लागला की पुन्हा उघडायची.

मग गेल्या दिवाळीनंतर कौशल्याबाई आजारी पडल्या. मूतखडा, वर जंतुसंसर्ग, ताप. अकोल्याच्या दवाखान्यात सलाइन लागलं. डॉक्टर तरुण होता, तो रागावला. "आजी, पाणी का पीत नाही तुम्ही?" कौशल्याबाई छताकडं बघत राहिल्या. साधना मात्र जागच्या जागी चरकली. 'भरपूर पाणी प्या' असं तिनं किती शिबिरांत ओरडून सांगितलं असेल! आणि आपली माय सकाळी उजाडायला टोपली घेऊन बसते ती दिवेलागणीला उठते, बाजारात बायांसाठी मोरी नाही, संडास नाही, आडोसा नाही, म्हणून दिवसभर घोटभर पाणी घशाखाली उतरू देत नाही! एकटी तीच नाही, बाजारातली एकही बाई पाणी पीत नव्हती. पुरुषांना काय, मागची भिंत होती.

साधना तडक नगरपंचायतीत गेली. तिथं एक नवीनच गोष्ट कळली. बाजारासाठी पैसे आलेले होते. पण ते कमानीसाठी! भाजीबाजाराच्या तोंडाशी भव्य दगडी कमान उभी राहणार होती आणि तिला बाजार प्रभागाचे नगरसेवक खुशालराव यांच्या वडिलांचं नाव लागणार होतं. "आता ठराव बदलायचा तं नव्या सभागृहानंच बदलावा लागन, ताई," बाबू म्हणाला. "निवडणूक लागूनच राहिली ना."

घ्या! म्हणजे बाराशे फलक लावा, नाहीतर बाराशे शिबिरं घ्या, कौशल्याबाईंच्या घोटभर पाण्याचा निकाल त्या सभागृहातच लागणार होता.

बाजार प्रभागात सरळ लढत होती. एकीकडं खुशालराव, सिमेंटचं दुकान, पांढरं जाकीट, दोनदा निवडून आलेले. दुसरीकडं माणिकबाई, शिलाईचं दुकान चालवणारी, पहिल्यांदाच उभी. साधनानं ठरवलं, कुणाचाच प्रचार करायचा नाही, पण दोघांनाही बाजारात बोलवून बायांसमोर जाब विचारायचा. संडास बांधणार की कमान? मोठ्या उत्साहानं तिनं प्रश्न काढले आणि बाजार उठल्यावर बायांना वाचून दाखवले. "अंदाजपत्रकातील महिला व बालकल्याणाच्या तरतुदीचा विनियोग..." इतक्यात इंदूबाईला जांभई आली.

"आमाले नाई येत वं असं विचारता," इंदूबाई म्हणाली. ती वांगी विकायची आणि तोंडानं फटकळ होती, पण सभा म्हटलं की तिची बोबडी वळायची. "सभेत उभं राह्यलं का पाय कापतेत माहे."

साधनाचा चेहरा पडला. मग कोपऱ्यातून मनकर्णाबाई बोलली. ती सगळ्यांत वयस्कर, नातसुना आलेली.

"सभेत नाई येत. पन पोरगी पाह्यता येते का नाई?"

आणि काय सांगू! बाजारात एकच हशा उसळला. अहो, त्यातली एकेक बाई कधीतरी परक्या माणसांपुढं पाटावर बसलेली होती. नाव सांग, चालून दाखव, केस सोड, सुईत दोरा ओव, अक्षर काढून दाखव. बोटांची नखंसुद्धा तपासून घेतलेली लोकांनी! आणि पुढं स्वतःच्या सुना आणताना त्यांनीही तेच केलेलं. पाहण्याच्या कार्यक्रमात काय विचारायचं, कसं विचारायचं, कुठं गप्प बसून समोरच्याला घाम फोडायचा, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. इंदूबाई तर टाळ्याच पिटायला लागली. "मी चालून दाखवाले लावतो त्याले! मी!" साधनानं आपला प्रश्नांचा कागद चार घड्या करून ब्लाऊजात खुपसला.

निरोप गेला. खुशालराव खूश! बाजारातल्या बायांची एकगठ्ठा मतं चालून येत होती. "येतो ना जी! मायबहिनीच हायेत आपल्या." पहिला मान त्यांचा, दुसऱ्या दिवशी माणिकबाईंचा, असं ठरलं.

बुधवारी दुपारी बाजार बंद असतो. लिंबाच्या झाडाखाली सडा घातला, रांगोळी काढली, मधोमध पाट. खुशालरावांबरोबर दहा-पंधरा पोरं आलेली. मनकर्णाबाईनं त्यांना रस्त्यावरच अडवलं. "पोरीकडचे लोक भाईर बसतेत." पोरं चाट पडली, पण बसली. खुशालराव हसत आत आले आणि हात जोडून पाटावर बसले.

"पूर्ण नाव सांगा."

त्यांनी सांगितलं.

"स्वयंपाक येते का?"

"च्या करतो जी मी," खुशालराव म्हणाले आणि सगळ्या हसल्या. त्यांनाही मजा वाटायला लागली. चालून दाखवा म्हटलं तर ते रुबाबात नळापर्यंत चालत गेले आणि परत आले. टोपली उचलून दाखवा म्हटलं तर तीही उचलली. कौशल्याबाईंनी तांब्याभर पाणी पुढं केलं. "उन्हातून आले, प्या." ते प्यायले. मग इंदूबाईनं उसाचा रस आणला, मोठा गिलास. मग मनकर्णाबाईचा चहा. चहावर कुणाचं तरी ताक. कुणी नको म्हणू देईना. "पाहुण्यानं आमच्या हातचं नाई घेतलं तं आमाले लागते बाप्पा मनाले." पुन्हा कौशल्याबाईंचा तांब्या.

साधनाला आधी काही उमगलं नाही. हे काय चाललंय, प्रश्न कधी विचारणार या? तिनं आईकडं पाहिलं. आई अगदी शांत बसली होती आणि खुशालरावांच्या गिलासावर तिची नजर होती. त्याच क्षणी साधनाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं बाई! म्हणजे या सगळ्या ठरवून आल्यात! मला न सांगता! थांबवायला हवं, असं तिला क्षणभर वाटलं. संस्थेची बाई आपण, वामनराव काय म्हणतील? पण खरं सांगायचं तर तिला इतका आनंद झालेला की ती सावरून बसली आणि बघायला लागली.

प्रश्न आता सावकाश चालले. शिक्षण किती? मुलं काय करतात? कमान किती उंच? दगड कुठला? खुशालराव पहिल्यांदा पाय पसरून बसलेले, मग मांडी घातली, मग मांडी बदलली. थंडीचे दिवस आणि कपाळावर घाम!

"कमान सुंदर होईन," मनकर्णाबाई म्हणाली. "पन तिच्याखालून आत आल्यावर बाईनं कुठी जाचं?"

"म्हंजे?"

"म्हंजे... जाचं कुठी?"

"मी जरा येतोच," असं म्हणून खुशालराव उठायला लागले.

"कुठी चालले?"

"हात धुवाले."

"नळ थो काय समोर. बसा बसा, आमाले लय विचाराचं हाये अजून." आणि इंदूबाईनं पुन्हा गिलास भरला.

मागच्या भिंतीकडं जायची सोय नव्हती, तिथं बायांनी आज मुद्दाम टोपल्यांची रास लावून अर्धा बाजार बसवलेला. खुशालराव पाटावर वाकले, सरळ झाले, पुन्हा वाकले. शेवटी कौशल्याबाई बोलल्या, आवाज न चढवता.

"घटकाभरच झाली, खुशालराव. आमी दिवसभर बसतो."

साधना पुढं झाली आणि तिनं तिचा एकुलता एक प्रश्न विचारला. "संडास बांधणार का कमान?"

"संडास! संडास बांधतो, माय! सगळं बांधतो!"

झालं, सुटले बिचारे! आणि इथंच सगळा घोळ झाला. पाहुणा पाटावरून उठला की त्याला कुंकू लावून नारळ द्यायचा, ही इंदूबाईच्या हाताची जन्माची सवय. तिनं पटकन कुंकू टेकवलं आणि त्यांच्या ओंजळीत नारळ ठेवला. आता आमच्याकडं पाहण्याच्या कार्यक्रमात नारळ हातात पडला, की त्याचा अर्थ एकच. पसंती! नाहीतर नुसतं 'कळवतो' म्हणून निघायचं असतं. खुशालरावांना अर्थाबिर्थाशी काही देणंघेणं नव्हतं, ते नारळ छातीशी धरून जे पळाले ते थेट घराच्या दिशेनं. बाहेरच्या पोरांनी काय पाहिलं? कपाळाला कुंकू, हातात नारळ, साहेब आनंदानं धावत सुटलेले! त्यांनी फटाक्यांची माळ लावली, गुलाल उडवला, फोटो काढले. घरी पोचायच्या आत सावरपूरच्या झाडून सगळ्या मोबाइलवर येऊन पडलं: 'भाजीबाजाराची पसंती खुशालराव!'

साधनानं डोक्याला हात लावला. "इंदूमावशी, काय केलं हे तुमी!"

"पाहुना उठला, हातात नारळ होता," इंदूबाई रडकुंडीला येऊन म्हणाली. "गेला हात आपोआप."

तोवर माणिकबाई दुकान तसंच टाकून, गळ्यात मोजमापाची फीत घेऊन आलेली. डोळे लाल. "मले तं पाह्यलंच नाई तुमी! न पाह्यता नापसंत?" आणि तेवढ्यात वामनरावांचा फोन. "साधनाताई, हा फोटो मी काय समजू?"

तिला रडूच यायचं बाकी होतं. नोकरीची काळजी होतीच, पण त्याहून मोठी वेगळीच होती. हा संडास आता खुशालरावांचा झाला. माणिकबाई निवडून आली तर तिच्या बाजूचे लोक त्याला आडवे येणार. खुशालराव निवडून आले तर म्हणतील, पसंती तर मिळालीच, आता कशाला संडास? दोन्हीकडून गेलं. पुन्हा पाच वर्षं आई पाणी पिणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अकोल्याला गेली. वामनरावांनी आधी चहा मागवला, मग म्हणाले, "आपण समाजकार्य करतो, ताई. राजकारण नाही."

"साहेब, बायांनी पाणी प्यावं हे समाजकार्य ना?"

"अर्थात."

"मग मोरी कुठं बांधायची आणि कमान कुठं, हे जिथं ठरतं तिथं आपण जायचंच नाही, हे कसं जमणार? तिथं आपण नसलो तरी ठरतंच ते. आपल्याशिवाय ठरतं इतकंच."

वामनरावांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "निवडणूक होईपर्यंत रजेवर जा. जे करायचं ते साधना बोचरे म्हणून करा." तिला एवढंच हवं होतं! एसटीत बसल्यावर तिनं आईला फोन लावून सगळं सांगितलं. आई म्हणाली, "अवं, पसंती झाली म्हनून फटाके त्यानंच फोडले ना? मंग आता साक्षगंध करू."

साक्षगंध म्हणजे साखरपुडा, पाच माणसांसमोर दिलेला शब्द. त्यानंतर सोयरीक मोडली तर त्या घराला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. साधना सीटवरून उठूनच उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, "ताई, स्टॉप आला नाई अजून!"

शुक्रवारी सकाळी सगळा भाजीबाजार खुशालरावांच्या अंगणात. साखरेच्या पुड्या, हळदकुंकू आणि गल्लीतले जुने पंच नत्थुजी टोपी घालून बरोबर. माणिकबाईलाही साधनानं स्वतः जाऊन आणलेलं. खुशालराव बनियनवर बाहेर आले आणि उंबऱ्यातच थांबले.

"पसंती झाली तुमची," मनकर्णाबाई म्हणाली. "फटाके आयकले आमी. आता शब्द पक्का करा पंचाईसमोर. कमान नाई, आंधी बायांची मोरी."

"अवं माय, थो नारळ तं..." खुशालराव बोलता बोलता अडकले. नारळ चुकून दिला म्हणावं, तर फोटो खोटा पडतो, आणि मतदानाला आठवडा उरलेला. पसंती खरी म्हणावी, तर शब्द द्यावा लागतो. दाराआड त्यांची बायको पदर तोंडात धरून हसत होती, ते सगळ्यांना दिसत होतं. खुशालरावांना वाटलं असेल, देऊन टाकू शब्द, निवडणुकीत काय, शंभर शब्द देतो आपण. त्यांनी हात पुढं केला. नत्थुजींनी त्यावर साखर ठेवली.

"माह्यंबी साक्षगंध करा," माणिकबाई पुढं झाली. "मी निवडून आली तं मलेबी हेच बांधनं हाये." तिलाही साखर दिली. एका मांडवात दोन उमेदवार, असं वऱ्हाडात कुणी पाहिलं नव्हतं! साधना इतकी हरखली की तिनं स्वतःच्याच तोंडात साखरेचा बकाणा भरला.

निवडणूक झाली. बायांनी मतं कुणाला दिली ते त्यांनी एकमेकींनाही सांगितलं नाही. खुशालराव थोडक्यात निवडून आले. माणिकबाई हरली, पण हार घेऊन घरी बसली नाही. पहिल्या सभेच्या दिवशी तीच दुकान बंद करून सगळ्यांच्या पुढं निघाली. सभागृहात लोकांना बसू देतात, हेही सावरपूरला तेव्हाच कळलं. मागच्या खुर्च्या बायांनी भरल्या. शेवटच्या खुर्चीवर वामनराव! "मी नुसतं पाहायला आलो," ते साधनाला म्हणाले.

अधिकाऱ्यांनी विषय वाचला. भाजीबाजार प्रवेशद्वार कमान. कुणाची हरकत?

सगळ्या माना खुशालरावांकडं वळल्या. ते खाली मान घालून बसलेले. इंदूबाईनं साधनाचा हात असा दाबला की बांगडी रुतली. संपलं, साधनाला वाटलं. शब्द फिरवतोय हा.

खुशालराव उठले. "कमान नको. त्या पैशात बायांसाठी मोरी अन् संडास बांधा. पान्याची टाकी बी."

"अहो, पण कमानीला तुमच्याच वडिलांचं नाव होतं ना?" अध्यक्ष म्हणाले. "मग नावाचं काय करायचं?"

"नाव घाला ना जी संडासावर!" मागून इंदूबाई ओरडली. सभेत! पाय न कापता! सभागृह हसलं. अध्यक्षांनी टेबल वाजवून प्रेक्षकांनी बोलू नये म्हणून बजावलं.

खुशालराव हसले नाहीत. "घाला," ते म्हणाले. "पन बापाचं नको. मायचं घाला. पार्बताबाई." ते वळून मागं पाहायला लागले. "या कौशल्याकाकूच्या बाजूलेच बसे माही माय. सांभार घेऊन. मी शाळेतून येऊन तिच्याजवळ बसो. ती मले पानी देये, स्वतः कधी पेली नाई. लाहानपनी मले वाटे... तिले तहानच लागत नाई."

वामनरावांनी चष्मा काढला. साधना मोठ्यानं हुंदका देऊन रडली, तिला कुणी गप्प केलं नाही. मग अध्यक्षांनी मत विचारलं, आणि हात वर झाले ते मोजायची गरजच पडली नाही.

खुशालराव अजून उभेच होते. प्रेक्षकांनी बोलायचं नसतं, पण कौशल्याबाई उठल्या.

"बस, खुशाल," त्या म्हणाल्या. "बस बाप्पा आता. झालं."